दोन्ही गालांवरची खूण

कुमासी, बुधवार

आदरणीय ओपोकू मामा,

सेरवाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? कोकोच्या शेंगा या वर्षी काळ्या पडल्या नाहीत ना? मी उत्तम आहे, काळजीचं काहीही कारण नाही. (अक्षर हललंय ते टेबलामुळे.) फोनवर तुम्ही "कोण? कोण?" करून फोन ठेवून देता, म्हणून हे पत्र तुमच्या गावच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. तुमचा चष्मा फुटलाय, तेव्हा तोच वाचून दाखवील. आधी उघडून बघणार नाही, असं त्याने शपथेवर सांगितलंय, म्हणजे बघेलच. ड्रायव्हरदादा, नमस्कार.

मामा, आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही माझ्यासाठी मेंढी कापलीत, तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की खोटं काम करायचं नाही. पण 'धीर धर छपाई'त लागले आणि पाहते तर काय, अंत्यविधीच्या प्रत्येक फलकावर मृताचं नुसतं डोकं त्याचं असतं! खालचं धड आमच्या मास्टरांकडे तयार आहे : तपकिरी सूट, निळा टाय. गेल्या तीन वर्षांत एकशे चाळीस माणसं तोच सूट घालून देवाघरी गेली, त्यांत दोन बायका होत्या. मी म्हटलं, माणसाने निदान जाताना तरी स्वतःच्या खांद्यांवर जावं. अम्पोफो मास्टर म्हणाले, "पोरी, सूट बसत नाही म्हणून आजवर एकही मेलेला परत आलेला नाही." तरी मी हट्ट धरला. मी एक पाटी घेतली आहे. तिच्यावर खास पेनाने काढलं की चित्र समोरच्या पडद्यावर उमटतं. म्हटलं, मी प्रत्येकाला हाताने काढीन.

आणि पहिलंच काम आलं ते तुमचे वारलेले मित्र, दोंकोर आजोबा यांचं. त्यांच्या लगेच आधीची तीन भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून ते जन्मल्यावर त्यांच्या एका गालावर चीर पाडून खूण केली, म्हणजे मरणाला पोर कुरूप वाटावं आणि त्याने ते सोडून द्यावं. (हे तुम्हाला माहीतच आहे, ड्रायव्हरदादांसाठी लिहिलं.) खांदे सारखे यावेत म्हणून मी आरशाची सोय चालू केली होती. तिच्यात एक बाजू काढली की दुसरी आपोआप उमटते. खांदे झकास झाले. मग खूण. ती इतक्या आदराने काढायची होती की मी गाल मोठा करत करत अख्खा पडदाभर आणला आणि चाळीस मिनिटं बसले. आरसा बंद करायला विसरले, मामा. मी एका गालावर जीव ओतत होते आणि पडद्याबाहेर दुसऱ्या गालावर तेवढ्याच आदराने दुसरी खूण उमटत होती! तेवढ्यात लाइट गेली. बॅटरी चार टक्के. चित्र पुन्हा पूर्ण न बघता मी छापायला धाडून दिलं.

बॅनर घराएवढा उंच आहे. दोंकोर आजोबांच्या घरावर, म्हणजे बरोबर आमच्या दुकानासमोर लागला आहे.

आजोबांची थोरली बहीण, पोकुआ आजी काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "एक खूण बघून मरण ऐंशी वर्षं फसलं. आता दोन बघून ते विचारायला येईल, मी नेलं तो कोण होता? आणि चौकशी आमच्या घरापासून करील." मास्टर चटकन म्हणाले, "आई, मशीनची चूक." मी म्हटलं, "नाही, माझी." मास्टर शाईच्या खोक्यावर बसले आणि खोकं फुटलं. आता तरी खात्री करावी म्हणून मी विचारलं, कोणता गाल ठेवू? आजी म्हणाल्या, डावा. नातवाने मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला, त्यातही डावाच. पण कोपऱ्यातून आजोबांची बायको, आडवोआ काकू हळूच म्हणाली, "उजवा. बेचाळीस वर्षं मी त्याच गालाशेजारी जागी झाले." पोकुआ आजींनी मानही वळवली नाही. "बायको बाहेरची. रक्त आमचं आहे." घरातल्या म्हाताऱ्यांचे दोन गट पडले आणि वाद अजून चालू आहे. निकाल शुक्रवारी सकाळी नऊला.

भीती म्हणाल तर मी विज्ञान शिकले आहे, मी भीत नाही. फक्त बॅनरकडे पाठ करून बसत नाही. काल भर दुपारी मात्र कोऱ्या पडद्यावर आपोआप एक ठिपका उमटला. मग दुसरा. मग एक बारीक रेघ, थेट गालावरच्या खुणेसारखी! मी एका पायातल्या चपलेनिशी रस्त्यावर आले, माझ्यामागे बायबल घेऊन मास्टर, मास्टरांमागे दोन गिऱ्हाइकं. अर्ध्या तासाने कळलं, पेन पाटीवरच पडलं होतं आणि पंख्याच्या वाऱ्याने हलत होतं. मास्टर आता पंखा लावू देत नाहीत.

बाकी सर्व ठीक. शनिवारी अंत्यविधीला तुम्ही येणारच आहात, तेव्हा भेटू. घाई करू नका, गुडघा जपा.

तुमची भाची,
सेरवा

ता. क. : मामा, शनिवारी नको, शुक्रवारी नऊच्या आत या. अपराध्याने स्वतःच्या तोंडाने माफी मागायची नसते, वडीलधाऱ्याने श्नॅप्स दारूची बाटली घेऊन बोलायचं असतं, आणि मला तुमच्याशिवाय कोण आहे? शिवाय घरच्यांनी ठरवलंय की इथे राहत असताना तीस वर्षं आजोबांच्या समोर बसून सोंगट्या खेळलेला ओपोकू सांगेल तोच गाल खरा. तुम्ही एक गाल सांगितलात तर सगळे फलक फाडायचे, मास्टरांची या गल्लीतली गिऱ्हाइकं गेली आणि मी पेन ठेवून गावी. तुम्हाला आठवलंच नाही तर दोन्ही खुणा राहतील. मामा, तुमचं वय झालंय. माणूस विसरतो. कृपा करून विसरून या.

ता. क. २ : पत्र बंद करता करता नातवाने मला पाठवलेला तो मोबाइलवरचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. आजोबांच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर आहे. खिसा डावीकडे असतो, मामा. नातवाच्या मोबाइलने फोटो आरशासारखा उलटा घेतलाय. काकू खरं बोलते आहे. बेचाळीस वर्षांचं तिचं एक वाक्य कुणी ऐकलं नाही आणि मी तुम्हाला विसरायला सांगते आहे! हात कापतोय (टेबल नव्हे), पण शुक्रवारी हे मी सगळ्यांसमोर सांगणार. तुम्ही आठवून या. बाटली मोठी आणा.

पहिला ता. क. पुसून टाकला असता, पण हा कागद आहे, इथे मागे फिरायचं बटण नाही. ड्रायव्हरदादा, आधी वाचलंच असेल, तर तेवढा भाग वगळून मामांना वाचून दाखवा.