फोन चपलांशेजारी

प्रिय धाकट्या,

तुझा रागाचा संदेश मी कामावर, जेवणाच्या सुट्टीत ऐकला आणि लगेच पुन्हा ऐकला. 'आपा, तू माझ्या लेकीला माझ्यापासून तोडलंस. दिवसभर क्रेनवर बसून खाली उतरल्यावर तेवढाच एक फोन असतो माझा, आणि तोच घरात कुणी उचलत नाही.' राग कर, तुझा हक्क आहे. पण आता मला सलग बोलू दे. पत्राचा तेवढा एक फायदा आहे, तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

बिट्टीच्या धड्यांसाठी तू टॅबलेट पाठवलास. आपला पाक ग्रंथ तिने शुद्ध उच्चारांत शिकावा, हा हेतू नेकच होता. अम्मीने तर त्यात अल्लाचं कलाम आहे म्हणून त्याला मखमली खोळ शिवली, कपाटावर उंच जागा दिली आणि फर्मान काढलं, की तो बिट्टीच्या हातात असताना कुणी ओढायचा नाही, आवाज चढवायचा नाही. झालं! नऊ वर्षांच्या पोरीला याहून भक्कम किल्ला कुठे मिळणार? टॅबलेटमधून पठण शिकवणाऱ्या कारीसाहेबांचा आवाज चाललेला, बिट्टी मान डोलावतेय, ओठ हलताहेत, शेजारी अम्मी तस्बीहची माळ फिरवत नातीला दुआ देतेय. आणि खोळीच्या आड, मांडीवर, तुझ्या बायकोचा फोन आणि त्यावर गाड्यांची शर्यत! एका संध्याकाळी पठण मध्येच थांबलं आणि एक बाई गोड आवाजात केसगळतीवर उपाय सांगू लागली, तरी बिट्टीची मान डोलतच राहिली. अम्मीने विचारलं, 'बिट्टी, ही कुठली आयत गं?' तुझी बायको हसून हसून जमिनीवर बसली. अम्मी मात्र हसली नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली.

मग आम्ही तिच्या फोन-टॅबलेटवर बंदी घातली. बंदीचं काय होतं ते मी तुला सांगायला नको. कपाटाला कुलूप लावलं, तिला चावी सापडली. पासवर्ड बदलला, तो तिने आपल्या अब्बांच्या खांद्यावरून वाचला. रडारड, रुसवे, दारं आपटणं. शेवटी तिने कमरेवर हात ठेवून मलाच विचारलं, 'फुफी, दादाजान जेवताना बातम्या बघतात, माझी अम्मी शिवताना नमुने बघते, तू चहा पिताना भाषणं बघतेस. मग वाईट फक्त माझंच कसं?' धाकट्या, भरल्या सभेत मला कुणी असं निरुत्तर केलेलं नाही.

उत्तर आपल्या अम्मीने दिलं. म्हणाली, 'नमाजाला उभं राहताना चपला दारात ठेवता ना? मग हेही तिथेच ठेवा. आधी मोठ्यांनी.' त्या दिवसापासून सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली, की दारातल्या चपलांच्या मांडणीवर घरातले सगळे फोन जातात आणि रात्रीच्या इशाची नमाज होईपर्यंत तिथेच राहतात. आपल्या अब्बांनी, म्हणजे तिच्या दादाजाननी, केवढा कांगावा केला! 'जगात युद्ध पेटलं तर मला कळणार कसं?' अम्मी म्हणाली, 'इशानंतर कळेल. तोवर तुमच्यावाचून लढतील ते.' पहाऱ्याला बिट्टी. अब्बांच्या सदऱ्यात लपवलेला जुना फोन तिने शोधून काढला आणि स्वतःच्या लहानग्या चपलांवर नेऊन ठेवला. तिचा चेहरा बघायला हवा होतास. गड जिंकलेल्या सरदाराचा चेहरा होता तो!

आता तुझ्या फोनबद्दल. तुझी पाळी संपते ती नेमकी याच वेळेत, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी म्हटलं, एक फोन बाहेर राहू दे, तिच्या अब्बांसाठी. बिट्टीच म्हणाली, 'एक बाहेर राहिला की दादाजानच्या बातम्याही त्याच्या मागून येतील.' मग तिने तुझ्यासाठी सकाळ ठरवली. ती पहाटे फजरच्या नमाजाला उठते, तोंड धुऊन तुला फोन लावते आणि तू अंथरुणातून 'हं, हं, बेटा' करतोस. संध्याकाळी तरी काय होत होतं? तुला स्क्रीनवर तिचं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. तिच्याकडे तू एका कोपऱ्यात नखाएवढा, आणि बाकीच्या काचेवर तिच्या गाड्या धावायच्या. 'जेवलीस का?' 'हो.' 'शाळा?' 'हो.' धाकट्या, तू त्या गाड्यांशी बोलत होतास रे! मी तुला तोडलं नाही. त्या नखाएवढ्या कोपऱ्यातून बाहेर काढलं.

कारण त्या वेळात ती आता काय करते, ठाऊक आहे? अम्मीच्या शेजारी बसून कागदावरचा धडा वाचते, अक्षराखाली बोट ठेवून. अम्मीला अक्षरं दिसत नाहीत, पण चूक ऐकू येते. चुकलं की गुडघ्यावर टिचकी. धडा झाला की तुझी चौकशी सुरू. 'माझे अब्बा लहानपणी कसे होते? धड्याच्या वेळी खरंच कपाटात लपायचे? शिंक आली म्हणून सापडले?' हे सांगताना आपले अब्बा बातम्या विसरतात. तू रोज संध्याकाळी या घरात असतोस, पूर्ण उंचीचा.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तिने सबंध ग्रंथ वाचत आणलाय. शेवटचा अध्याय, शेवटची सूरह, तेवढी राहिली आहे. सहाच छोट्या आयती, तिला कधीपासूनच्या तोंडपाठ. पण त्यांच्यावर बोट ठेवून वाचायला तयार नाही. मी म्हटलं, वाच, मी फोनवर टिपून तुझ्या अब्बांना पाठवते. म्हणाली, 'फोनवर नाही. ते समोर बसले की वाचीन.' आणि नाही आले तर? 'येतील. तू लिही, तुझ्या बोलण्याला ते घाबरतात.' तेव्हा रजा माग, धाकट्या. साहेबाला सांग, लेकीने बोलावलंय. नाही म्हणाला तर मला कळव, मी तिथे येऊन क्रेनखाली उभी राहून बोलेन आणि तो स्वतः तुझं तिकीट काढून देईल. तुझी जागा ठरली आहे, तिच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. ये. पोरगी जिंकली आहे, आणि बापाला डोळ्यांनी दाखवल्याशिवाय ती हे पूर्ण करणार नाही.

तुझ्या येण्याकडे कान लावून बसलेली,
तुझीच आपा