बर्फात पाडलेलं भोक

बाबा, तुम्ही नको म्हणालात, तरी मी मशीन हातात घेतलंच. तेच सांगायला बसले आहे.

नाकाडोंगरीजवळच्या मँगनीजच्या खाणीत तुम्ही ड्रिल चालवायचात. एकदा मी डबा घेऊन आले, तर ते दुरुस्तीसाठी फाटकाबाहेर काढून ठेवलेलं. मी नुसता हात ठेवला आणि तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "हात काढ! पोरीच्या जातीले कायले पाहिजे मशीन?" माणसं हसली. संध्याकाळी आई भात वाढत होती तेव्हा मी म्हणाले, मी दगडधोंड्यांचंच शिकणार. "जमत नाही तुले," म्हणत तुम्ही ताट सरकवून उठलात.

आता मी हिमालयातल्या हिमनद्यांवर भोकं पाडते. पाठीवर नेता येतं असं वाफेचं ड्रिल असतं: लहानसा बॉयलर, गॅसची टाकी, लांब नळी. वाफ बर्फ वितळवत खाली उतरते. त्या भोकात बांबू रोवायचा. पुढच्या वर्षी तो जितका उघडा पडेल तितकं बर्फ वितळलं. यंदा वाऱ्यात बर्नर पेटेचना. आमचे साहेब म्हणाले, "हातानं तुम्हाला नाही जमणार, मॅडम. खाली चला." मी हाताचं ड्रिल काढलं आणि गरगर फिरवत सुटले. अर्ध्यावर ते बर्फाच्या किसात अडकलं. साहेब म्हणाले, "सोडा ते." मी म्हटलं, "तुम्ही जा. मी भोक पुरं करूनच येईन." उलटं फिरवत, थोडं थोडं वर ओढत, कीस काढत मी ते सोडवलं आणि पुन्हा खाली घातलं. साहेब गेले नाहीत. ड्रिलला जोडायचे दांडे हातात देत राहिले. तळहात सोलून निघाले, पण बांबू सरळ उभा राहिला.

आई म्हणते, "तुया बापाले भेव वाटत होता वं. त्या ड्रिलच्या धुळीनंच तर त्याची छाती गेली, अन् तोही गेला." असेल. मग भीती वाटते असं सांगायचं होतं, बाबा. "जमत नाही" काहून म्हणालात? तेवढं मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

हा कागद टाकायला पत्ता नाही, मला माहीत आहे. पण बांबू बसला त्या क्षणी तुम्ही समोर हवे होतात. शाबासकी द्यायला नाही. भांडायला.