पुत्राची पाटी उतरवण्याबाबत

मी, खाली अंगठा उठवणारी, वय लोक सांगतात तेवढे, धंदा पाट्या रंगवणे (वकिलाने दोनदा ‘गृहिणी’ लिहिले, दोनदा खोडायला लावले), असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. साखर वाढली आहे, पण ती डोक्यात गेलेली नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली करत नाही. याआधीचे तसे झाले होते, म्हणून ते रद्द.

ते का रद्द, हे आधी लिही. माझा थोरला मुलगा वकील घेऊन आला. मी बोलले, वकिलाने लिहिले, घाईघाईने वाचून दाखवले. कानाला सगळे गुळगुळीत लागले. गुळगुळीत लागले म्हणूनच साखर तपासायला येणाऱ्या नर्सबाईकडून पुन्हा वाचून घेतले. मी म्हटले होते, दुकान धाकट्या लेकीला. कागदावर होते, ‘मुलीस दुकानात काम करण्याची मुभा राहील.’

“मुभा म्हणजे गं काय?”

“म्हणजे आजी, दादा हो म्हणेल तोवर.”

त्याच वकिलाला पुन्हा जिना चढायला लावला. तो म्हणाला, “आजी, कायद्याची भाषा अशीच असते.” म्हटले, बाळा, मग ती दर वेळी थोरल्याच्याच अंगावर कशी कलते? आता मी बोलेन तसे लिही.

“असं मृत्युपत्रात बसत नाही, आजी.”

“मग मृत्युपत्र सैल कर.”

तर व्यवस्था अशी.

दुकानावरच्या दोन खोल्या दोन्ही मुलांना एकेक. खिडकीची धाकटीला, कारण तिला रंग बघायला उजेड लागतो. थोरल्याला उजेडाची गरज कधी पडलेली दिसली नाही.

बँकेत जे असेल ते दोघांत निम्मे. थोरल्याला आकडा ठाऊक आहेच.

दुकान. हे माझ्या नावावर आहे. नवऱ्याने केले ते प्रेमाने नव्हे, कर वाचावा म्हणून. पण कागदाला प्रेम कळत नाही, तेवढा एक त्याचा गुण. ते संपूर्ण मालकी हक्काने धाकटीला. ‘मुभा’ नाही, ‘वापर’ नाही, मालकी. ती अक्षर आखते, रंगही भरते. थोरला गिऱ्हाइकांना सांगतो, “बहीण जरा मदत करते.” माझ्याबद्दल सांगायचा, “आईला तेवढाच विरंगुळा.” तो स्वतः खुर्चीत बसतो, त्याला धंदा बघणे म्हणतात.

माझे ब्रश धाकटीला. धुतल्याशिवाय झोपू नये.

आता पाटी. नवरा खडूने अक्षरे आखायचा, मी रंग भरायची. गावभर माझा हात आहे, पण मला एक अक्षर कळत नाही. शिकव म्हटले तर म्हणायचा, “कळायला लागलं की वाचत बसशील, हात थांबेल. तू रंग भर.” भरला. एका मोठ्या क्लबची पाटी केली, निळ्यावर पांढरी, काठ सोनेरी. दुसऱ्या दिवशी एक कोपरा पुसट राहिला तो सुधारायला गेले. पुढच्या दारातच रखवालदाराने अडवले. “वाचता येत नाही का?” म्हटले, नाही. त्याने माझ्याच पाटीवर काठी ठेवून वाचले: कामगारांनी मागच्या दाराने यावे. पायरीवरचे साहेब हसले. मी मागच्या दाराने गेले आणि कोपरा सुधारला, कारण पाटी छान झाली होती. त्याचाच राग अजून जात नाही.

आपल्या दुकानावर काय लिहिले, हे विचारले तेव्हा नवरा म्हणाला, “आपलं नाव.” मी त्यात स्वतःला धरून चालले. दर दोन वर्षांनी रंगाचा नवा हात द्यायची, जरा जास्तच मायेने. मग धाकटी शाळेत जाऊ लागली आणि एक दिवस रस्त्यात उभी राहून मोठ्याने वाचू लागली: पेंटर आणि पुत्र. पाटी लागली तेव्हा पुत्र पाळण्यात होता, ब्रश माझ्या हातात होता.

ती पाटी उतरवून थोरल्याला द्यावी. पुत्र शब्द त्याचा आहे, घरी न्यावा. तो म्हणतो, “आई, पाटीत काय असतं, मनात असावं लागतं.” मग मनातले दुकान घे, राजा.

नवीन पाटीवर काय लिहायचे ते धाकटीने ठरवावे. माझी अट एकच: या दुकानात कोणतीही पाटी रंगवायला घेण्याआधी, रंग भरणाऱ्याला ती मोठ्याने वाचून दाखवावी. त्याने नाही म्हटले, तर ती पाटी कोरी परत जाईल. ही अट मोडेल त्याचा हक्क संपेल, मग ती धाकटी का असेना.

हा मजकूर नर्सबाईने आणि समोरच्या सायकलवाल्याने मला वेगवेगळा वाचून दाखवला. दोघांचे जुळले. तेच दोघे साक्षीदार, त्यांच्या सह्या खाली.

ठिकाण: दुकानावरची खिडकीची खोली. तारीख वकिलाने घातली आहे, तीही तपासून घेतली.

वकील म्हणतो, “आजी, पेन्सिलीने तुमचं नाव आखून देतो, तुम्ही गिरवा. सही म्हणून शोभेल.” गिरवेन की, त्याच्याहून सुबक गिरवेन. पण जन्मभर दुसऱ्यांनी आखलेल्यातच रंग भरला. अंगठा घे. तो कोणी आखून दिलेला नाही.