फडक्याने पुसलेला रंग

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार रागातच केला आहे, तरी गोड मानून घे.

काल गॅलरीच्या मालकांकडे दहा तैलचित्रं घेऊन गेले होते. दोन-दोन करत, पाच खेपा घालून जिना चढवली. त्यांनी चहाचा कप हातात धरून एक फेरी मारली आणि विचारलं, की बाई, ही किती जणांची आहेत? मी म्हटलं, माझी एकटीची. तर म्हणाले, मग यात तुम्ही कुठे दिसत नाही. वर सल्ला असा, की निळ्या दरवाजाचं चित्र लोकांना आवडतं, तेच वीस वेळा काढा, शैली आपोआप तयार होईल. शैली म्हणजे काय रबरी शिक्का आहे? बावीस वर्षं रंग कालवतेय मी!

घरी येऊन सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी केली आहेत, वर्गात शिक्षा झाल्यासारखी. तू लाकडाला पॉलिश करतोस, तुझी नजर पक्की आहे. तूच सांग, त्या माणसाला डोळे आहेत का? वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, या खेपेला थोडा रागही माझ्या बाजूने असू दे.

तुझी,
धाकटी


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वीस निळे दरवाजे! वाचून माझं डोकंच फिरलं. तो माणूस समोर असता तर त्याच्या कपात टर्पेंटाइन ओतलं असतं.

पण खरं सांगू? राग तुझाही आला. ती दहाही चित्रं मी पाहिली आहेत. कुठल्या महिन्यात तू कुणाचं प्रदर्शन पाहून आलीस, ते मला तुझ्या चित्रावरून कळतं. साध्या लाकडाला सागवानाचा रंग चढवून विकणाऱ्यांवर मी उभा जन्म चिडत आलो. तेच बहिणीच्या घरी दिसल्यावर गप्प बसू?

गेल्या वर्षी तुझ्याकडे राहिलो, तेव्हा मोरीजवळ एक छोटं चित्र पडलं होतं. इस्त्री करणारी तुझी शेजारीण. तू म्हणालीस, ते काही खरं नाही, उरलेल्या रंगात हात मोकळा केला. त्यात लावलेला रंग कमी आणि फडक्याने पुसून काढलेला जास्त होता. पुसलेल्या जागी उजेड आला होता. तसा उजेड मी दुसऱ्या कुणाच्या चित्रात पाहिलेला नाही. ते सोडून बाकीचंच जगाला का दाखवतेस?

तुझी वहिनी म्हणते, वन्संना इतकं कडक लिहू नका. पण लिहून झालंय. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
दादा


१५ फेब्रुवारी

दादास,
सा. न. आशीर्वाद ठेवून घेतले. त्यांच्यासोबत आलेलं बाकीचं परत पाठवते आहे. कपाटं चमकवणाऱ्याने मला रंग शिकवू नये. माझ्या बावीस वर्षांवरून तू एका झटक्यात फडकं फिरवलंस.

मी खुशाल आहे. इतकंच.


२० एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कपाटांबद्दल लिहिलं ते मागे घेते. पत्र पेटीत टाकलं आणि तीन दिवस घास गोड लागला नाही.

चौथ्या दिवशी चित्रं सरळ केली आणि समोर जमिनीवर बसले. एकेकाकडे बघत गेले तसा प्रत्येकाचा खरा धनी आठवत गेला. मग मात्र संताप आला तो माझाच. चारच रंग बाहेर ठेवले, पांढरा, काळा, मातकट पिवळा आणि विटकरी. बाकीच्या नळ्या पेटीत घालून किल्ली त्या शेजारणीकडे दिली आणि बजावलं, की मी पाया पडले तरी द्यायची नाही. दोनदा मागायला गेले. तिने दार लावून घेतलं.

पहिली अकरा चित्रं म्हणजे निव्वळ चिखल. खरवडून टाकली. बाराव्याला ओला जिना काढत होते आणि हात आपणहून फडक्याकडे गेला. त्यानंतर मोरी, बादल्या, शेजारणीचं कोपर, समोरची गच्ची. आता ठेवण्याजोगी तेरा झाली आहेत, आणि ती बघून कुणाची आठवण येत नाही.

गॅलरीचे मालक परवा येऊन बघून गेले. या खेपेला चहाचा कप बाजूला ठेवून बघितलं. मग म्हणाले, प्रदर्शन करू, पण प्रवेशापाशी एक निळा दरवाजा लागेल. मी सांगितलं, दरवाजा खाली आहे, आणि तो निळा नाही. रागारागाने गेले.

वाचनालयाच्या बाईंनी प्रदर्शनासाठी वाचनकक्षाची एक भिंत दिली आहे. चौदाव्या चित्रासाठी तू ये. तीन दिवस समोर बसायचं, आणि बोलायचं नाही. जमेल ना?

तुझी,
धाकटी


९ जून

चि. धाकटीस,
अ. आ. वि.

प्रदर्शनात न लावता आणि मलाही न दाखवता ठेवलेलं माझं चित्र तू पाठवलंस, ते परवा पोचलं. माझी सक्त तक्रार आहे. तीन दिवस मान अवघडून बसलो त्याचं हे फळ? अर्धा कान पुसून टाकलास. डोक्यावर होते तेवढे केसही ठेवले नाहीस. आणि इतका रागीट मी कधी दिसतो? यावर वहिनी इतकी हसली, की तिच्याशी अबोला धरला आहे.

दुकानात लावणार नव्हतोच. तिनेच खिळा ठोकला. तुझं प्रदर्शन बघायला माझ्यासोबत वाचनालयात आलेला शेजारचा काच कापणारा रस्त्यावरूनच ओरडला, की बहिणीने काढलेलं दिसतंय! सही त्याला तिथून दिसणं शक्यच नव्हतं.

आज सकाळी दुकान उघडलं. ऊन आत आलं आणि भिंतीवरून बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली. मी त्यांच्यासारखा दिसायला लागलोय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काम हलगर्जीपणाने झालं की बघायचे ना, अगदी तसे बघत होते.

काल संपवलेलं टेबल मी पुन्हा घासायला घेतलं आहे.

तुझा,
दादा