मुख्य धंदा: चहा

अवसरी खुर्द,
शुक्रवार, २० फेब्रुवारी

ती. आत्या,

तुझ्या पाया पडते. गुडघा आता कसा आहे? आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. सिगारेटबंदीत धंदा बुडालेल्या टपरीवाल्यांना मदत मिळणार, त्या यादीतून अण्णांचं नाव घोडेगावच्या कचेरीतल्या क्लार्कमुळे गळलं, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. त्या क्लार्कची काही चूक नव्हती.

इकडे आई बरी आहे. बंदीला पाच महिने झाले. कॉलेजची मुलं टपरीसमोरून जातात, थांबत नाहीत. नुसता चहा त्यांना मेसमध्येही मिळतो. पूर्वी सकाळी आठ लिटर दूध लागायचं. आता दोन लिटरांतलंही उरतं, आई त्याला विरजण लावते. मंचरहून मोटरसायकलवर सिगारेटचा माल टाकायला येणारे रामदासभाऊ आता एका पतसंस्थेत रखवाली करतात. अण्णा मंचरच्या मार्केटात बटाट्याची पोती उचलायला जातात. एकोणसाठाव्या वर्षी. आई रोज पाठीला तेल चोळते, तेव्हा म्हणतात, "जिम लावलीय राव, फुकटात." आम्ही दोघी हसत नाही.

गेल्या सोमवारी त्यांच्याबरोबर मी घोडेगावला गेले होते. क्लार्कनं आमचा अर्ज शोधून काढला आणि बोट ठेवलं. "काका, इथं मुख्य धंदा चहा लिहिलाय. चहावर कुठं बंदी आलीय?"

रांगेतले लोक हसले. अण्णांचा चेहरा लाल झाला. "माजी पोरगी शिकलेली हाय. ती आसं लिव्हायची न्हाई. तुमीच कागद बदलला आसल."

मी शेजारीच उभी होते. अर्जावर माझं अक्षर होतं. अण्णांनी वरच्या साहेबांकडे त्या क्लार्कची तक्रार केली. तो तक्रारअर्जही मीच लिहून दिला, आत्या. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिला.

अर्ज भरताना त्या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबले होते. आतोबा छातीच्या दुखण्यानं गेले, तेव्हापासून आपल्या घरात सिगारेट हा शब्द कुणी काढत नाही. तू टपरीकडे फिरकली नाहीस. कुणी विचारलं तर भावाचं चहाचं दुकान आहे, एवढंच सांगतेस. मला शाळेच्या आधी अक्षरं तू शिकवलीस. अजूनही काही लिहायला बसले की तू मागून वाकून बघते आहेस असं वाटतं. त्या दिवशीही वाटलं, आणि 'सिगारेट विक्री' लिहायला हात धजला नाही. चहाही विकतच होतो, म्हणजे खोटं नाही, अशी मनाची समजूत घातली.

आणखी एक. तुला माहीत असेल, नसेलही. आतोबा आले की अण्णा त्यांच्या खिशात सिगारेटचं पाकीट घालायचे. दाजींकडून पैसे कसे घ्यायचे, म्हणून. काल जेवताना अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "बंदी आली ते बरंच झालं. बारा वर्सं आदी यायला पायजे व्हती. दाजी आज आसते." अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

आता याच माणसानं लिहून द्यायचं आहे, की एकोणीस वर्षं माझं घर सिगारेटवर चाललं. त्याशिवाय यादीत नाव येत नाही. आणि त्याआधी मला त्यांना सांगायचं आहे, की कागद कुणी बदलला नव्हता. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "भूक लागली का गं?"

रविवारी मार्केट नसतं. तेव्हा सांगेन. ते रागावले तर मला बरंच वाटेल. गप्प बसले तर काय करायचं, ते ठरवता आलेलं नाही.

फोन केला असता तर तुझ्या आवाजावरून मी थांबले असते, म्हणून हे पत्र. तुझ्या हाती पडेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल. तुझं मन दुखावलं तर राग माझ्यावर धर, अण्णांवर नको. यादीवर हरकती घेण्याच्या शेवटच्या दिवशी मी नवा अर्ज देणार आहे, त्या क्लार्कसमोर उभी राहून तक्रार मागे घेणार आहे, आणि चूक माझी होती असं खाली सही करून लिहून देणार आहे. मंगळवारी, २४ फेब्रुवारीला.

तूच लिहायला शिकवलेली,
तेजस्विनी