ताटाखालचा लाल ठिपका

१२ ऑक्टोबर, अझैबा, ओमान
सायलीला हेपटायटिस बी आहे. सुनेला सातवा महिना, रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीचा, आणि सासूला कळतं आज! तेही कपाटात फाइल सापडली म्हणून. मुलाला, निखिलला, सोहारला कामावर फोन लावला. "आई, तू उगाच घाबरशील म्हणून..." चौतीस वर्षं पोस्टात काउंटर सांभाळला. घाबरेन म्हणे.
बाळाला होईल का? बाकी सगळं नंतर.

१३ ऑक्टो.
सकाळी सायलीच्या ताटाखाली नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. वाटीला, पेल्यालाही. वेगळी ओळखू यावीत म्हणून. बाळासाठीच केलं. तरी तिची पाठ वळल्यावर केलं, हेही लिहून ठेवते.
दार्सैतहून कारखानीस वहिनींचा फोन. बातमी कुणी पोचवली देव जाणे. "कावीळच ना हो ती? हळद बंद करा. पिवळं काही देऊ नका." म्हटलं, "मग तुमचं संक्रांतीचं हळदीकुंकू रद्द समजायचं का?" त्यांनी फोन आपटला.

१५ ऑक्टो.
भांडी लावताना बघते तर माझ्या ताटाखाली लाल ठिपका. निखिलच्याही. सगळ्या वाट्या, पेले, माझा चहाचा कप. एक चमचा सोडला नाही पोरीने.
ती ओट्याशी दोडका सोलत होती. शाळेत नन्स तळहातावर पट्टी मारत. इतकी कधी लागली नव्हती.

१९ ऑक्टो.
तपासणीला मीही गेले. सिस्टर झुवैना, ओमानी, तिशीची. माझ्याशी मुद्दाम हिंदीत बोलते, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. ताटांचं कबूल केलं. हसली. "मम्मा, प्लेट माफी मुश्किल." म्हणजे काही अडचण नाही. "ब्लड मुश्किल. सुई, रेझर, टूथब्रश, नेलकटर."
मी ऐटीत सांगितलं, बोर्डिंगात असताना मला कावीळ होऊन गेली, मला भीती नाही. नाही अशी मान हलवली तिने. ती बहुधा घाणेरड्या पाण्यातून, अन्नातून येणारी. ए किंवा ई. आजारी पाडते, बहुतेक वेळा आपली आपण जाते. ही बी. रक्तातून, शरीरसंबंधातून, जन्मताना आईकडून. डोळे पांढरेशुभ्र, तब्येत ठणठणीत, आत वर्षानुवर्षं यकृत पोखरत राहते. एक होऊन गेली म्हणून दुसरी सोडत नाही. सी-ही रक्तातलीच; तिला लस नाही, पण औषधाने बरी होते.
आणि आम्ही सगळ्यांना एकच नाव देणार, कावीळ! इंग्लंडचे राजे क्रमाने पाठ करून घेतले नन्सनी, हे नाही.
माझं रक्त घेतलं. निखिललाही बोलावलंय. "आई, मीटिंग आहे." "यल्ला, नीघ लवकर! नाहीतर मीच सुई घेऊन सोहारला येते."

२ नोव्हें.
निखिल, मी, दोघेही निगेटिव्ह. दोघांना लसीचा पहिला डोस.
दुपारी सायली आपणहून तिच्या आईबद्दल बोलली. चिपळूणजवळचं गाव. पोटात पाणी झालं होतं. वैद्याने काविळीची माळ घातली. माळ लांबत गेली, म्हणजे आजार उतरतोय म्हणे. माळ गुडघ्यापर्यंत आली आणि बाई गेली. सायली तेव्हा कॉलेजात.
"तिच्याकडूनच आलं असणार मला. तिला कुणी तपासलंच नाही, आई. माझ्यापाशी हे थांबवायचंय."
रोज एक गोळी, घड्याळ लावून. व्हायरस कमी राहावा म्हणून. एकदाही चुकली नाही. मी बी.पी.ची गोळी आठवड्यातून दोनदा विसरते.

८ जाने.
मुलगी! सकाळी ९.२०.
सायलीने फाइलवर लाल शाईत लिहून ठेवलं होतं: बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं. मी झुवैनाला दारातच अडवलं. "खलास, मम्मा, हो गया. दोन्ही मांड्या." एकीत लस, दुसरीत तयार प्रतिपिंडं. नात किंचाळली म्हणे. घराण्याचा आवाज आहे.

१० जाने.
कारखानीस वहिनी बघायला आल्या. पाळण्यापासून चार हात लांब. "अंगावर पाजणार?"
सायली: "हो काकू. डॉक्टरांनीच सांगितलंय. बसा ना, उभ्या का?"
बसल्या! अशी माणसं बसवणं मला जन्मात जमलं नाही.

११ जुलै
उष्टावण. मामा चिपळूणहून आला होता. खीर सायलीच्या हातची. कारखानीस वहिनींनी दोनदा घेतली. मग तिला बाल्कनीत नेऊन, हळू आवाजात: "आमच्या ह्यांचं रक्त कुठे तपासायचं गं?"
सायलीने कागदावर सगळं लिहून दिलं. मी असते तर आधी टोमणा मारला असता.

१९ ऑक्टो.
नातीचे सगळे डोस झाले. आज रक्त घेतलं. निकाल रविवारी. झुवैनाला विचारलं, "क्या लगता है?" ती लेबल चिकटवत राहिली. "इन्शाल्ला, मम्मा."
येताना रुवीच्या बाजारात थांबून पोरीला छोटं स्टीलचं ताट घेतलं. घरी येऊन सायलीने ते धुतलं, पुसलं, पालथं घातलं. ड्रॉवरमधून लाल बाटली काढून माझ्यापुढे धरली.
"आई, तुम्ही लावा."
लावला. वाळेपर्यंत दोघी तिथेच बसून राहिलो.