बुऱ्हाणपुरातली दोन बिऱ्हाडं

असोदा, रविवार

तीर्थरूप नवलनाना यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे प्रेमराजचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि वहिनींचा खोकला उतरला असेल, असं धरून चालतो.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी आणि तुमची बहीण बुऱ्हाणपूर बघायला गेलो होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. (लग्नकार्य आणि दवाखाना सोडून आम्ही दोघांनी बाहेर मुक्काम करायची ही पहिलीच वेळ.) उतरायचं कुठे, यावर घरीच वाजलं. माझं म्हणणं, स्टेशनाजवळ लालबागला. गाडीतून उतरलं की लॉज, लॉजमधून निघालं की गाडी. रत्नाचं म्हणणं, वेशीच्या आत जुन्या गावात, जिथून तापी दिसेल. मी समजावलं की तापी आपल्या जिल्ह्यातही आहे, पाणी तेच. (हे बोलायला नको होतं.) शेवटी घरचा कर्ता या नात्यानं मी फोन करून लॉज ठरवून टाकलं.

लॉज उत्तम होतं. कोणती गाडी लेट आहे, ते पडल्या पडल्या कळायचं. मला शांत झोप लागली, रत्नाला मुळीच लागली नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षानं किल्ल्याकडे गेलो. मी पायरीवर टेकलो, ती गल्ल्या बघायला गेली. बराच वेळ आली नाही म्हणून शोधायला निघालो, तर एका ओट्यावर बसून अनोळखी बाईबरोबर पापड वाळत घालत होती. बाईंचं नाव पुनम. त्यांची माडीवरची खोली पाहुण्यांना भाड्यानं देतात आणि खिडकीतून तापी दिसते, एवढं रत्नानं विचारून ठेवलं होतं. मी म्हटलं, लॉजचं ठरलंय, चल. ती हातातला पापड खाली न ठेवता म्हणाली, “तुमले स्टेशन आवडस ना, तुम्ही जा. मी आठेच र्‍हासू.” (ती मनापासून रागावली की माहेरचं, दोंडाईच्याचं बोलते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.)

मला वाटलं, संध्याकाळी येईल. संध्याकाळी रिक्षावाला आला, तिची बॅग न्यायला. मी दिली. वर माझी शालही ठेवली, नदीकाठी गारठा असतो म्हणून.

तिथून पुढे आमची एकाच शहरात दोन बिऱ्हाडं. सकाळी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बायकोला भेटायला जायचो. पुनमबाईंच्या सासूनं, कोण आलंय, असं विचारलं, तेव्हा वरून रत्नाचं उत्तर आलं, “ओळखीचे आहेत. स्टेशनकडे राहतात.” मला बशीतून बिस्किटं मिळाली. मग ती मला गाव दाखवायची. एरवी रस्त्यानं मी पुढे आणि ती मागे. इथं ती पुढे. घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांशी हसून बोलायची, चालता चालता गुणगुणायची. आमची लेक भूमिका पाळण्यात होती तेव्हापासून मी ते ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं, पण भांडण चालू असल्यामुळे तसं सांगायची सोय नव्हती. अंधार पडायच्या आत ती मला रिक्षात बसवून द्यायची.

परतीच्या दिवशी मी दोघांची तिकिटं घेऊन फलाटावर उभा राहिलो. तिचा फोन आला की ती आणखी आठ दिवस राहणार आहे. तिच्या जागेवर बॅग ठेवून मी एकटा आलो.

इथं सगळं ठीक आहे. भूमिका जळगावहून येते, भाजी करून देते, माझ्याकडे बघून हसते आणि जाते. भाकरी मीच थापतो, तिला आकार म्हणून नसतो. तुम्ही वडीलधारे आहात. नवरा घरी असताना बाईमाणसानं परगावी असं राहणं बरं नाही, हे तुम्ही तिला समजावून सांगावं. तुमचा शब्द ती मोडत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
प्रेमराज

ता. क. : समजावू नका. फोनही करू नका. मी तुमच्याकडे गाऱ्हाणं केलं असं तिला वाटेल.

ता. क. दुसरा : खरं काम असं, की केळीला पाणी द्यायला इथं घरचं माणूस पाहिजे. हे पत्र मिळताच चार दिवस असोद्याला यावं. किल्ली शेजारी सुंदरबाईंकडे ठेवलीय. मी उद्याच्या गाडीनं निघतो आहे. खोलीत दोघांची सोय होईल का, असं मी पुनमबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, रत्नाताईंनी दुसरी गादी पहिल्याच दिवशी मागून घेतलीय.